उद्याचं पाणी

इनोंगे म्हातारी होडीने जिल्ह्याच्या गावी आली ती भांडायच्या तयारीनेच. पुरातून हलवायच्या गावांची यादी कचेरीबाहेर लागली होती आणि तिच्या लिकुलुवे गावाचं नाव त्यात नव्हतं. गावात चार बाळंतिणी, साठ गुरं आणि होड्या अवघ्या तीन.

नदीतल्या मोजखुणांच्या खांबावरचं पाणी रोज वाचून फोनवर कळवायचं काम तिचंच होतं.

"यादी कुणी केली?"

"मी, आई," कचेरीत नव्यानेच लागलेली नालिशेबो म्हणाली. "महिन्याची सरासरी चार मीटरवर गेली की माणसं-गुरं न्यायला पडाव, मोठी होडी, पाठवतात. तुमची एक ऐंशी आहे."

"मागच्या महिन्यात तीन नव्वद, आणि आता भर पुरात एक ऐंशी? नदी काय माहेरी गेली?"

शेजारचा कारकून फिसकन हसला. नालिशेबोने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. बारा तारखेपर्यंतचे आकडे बरोबर होते. त्याखाली मात्र एकतीसपर्यंत शून्यच शून्य.

"हे काय?"

"पुढचे दिवस. मोकळे दिसू नयेत म्हणून भरून ठेवलेत. तुमचा फोन आला की खोडून आकडा टाकते."

"अगं, खांबावर शून्य म्हणजे नदी आटली! उद्याचं पाणी मी अजून पाहिलं नाही आणि तू ते आटवून मोकळी झालीस?"

पोरीचा चेहरा उतरला, पण तिने वाद घातला नाही. सगळी शून्यं पुसली. सरासरी टुणकन चार पासष्टवर गेली.

"तक्त्यातली मोकळी घरं आता हिशेबात येत नाहीत. आजचं सांगा, आई."

"चार एक्याऐंशी."

आकडा पडला आणि सरासरी आपली आपणच चार सहासष्ट झाली. इनोंगे बघतच राहिली. महिनाअखेरीला वहीत अख्खी संध्याकाळ घालवून ती जे काढायची, ते इथे रोजच्या रोज, डोळ्याचं पातं लवायच्या आत!

तेवढ्यात नालिशेबो उठली आणि पलीकडच्या टेबलावरच्या साहेबांना सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली, "साहेब, माझी चूक झाली. माझ्या शून्यांमुळे सगळ्याच खांबांची सरासरी खाली आलीय. यादी नव्याने करते."

"सोळा वर्षं इथे येतेय," इनोंगे त्या कारकुनाला म्हणाली, "असं बोलणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं. हसतोस काय? शीक जरा."

नव्या यादीत सात गावं वाढली. दुपारी पडाव सुटला तेव्हा वाट दाखवायला इनोंगे पुढे बसली होती, आणि गावात आधी कुणाला चढवायचं ते नावाडी तिलाच विचारत होता.