पलंगाखालची नवी जोडी

सासऱ्यांनी पलंगाखालून ते दोन टायर ओढले तेव्हा आधी वास आला. डांबराच्या गोळ्या, उंदराच्या लेंड्या आणि जुनं रबर, या तिन्हींचा मिळून असा काही वास, की मी दोन पावलं मागे सरले. टायरांना गुंडाळलेलं प्लास्टिक इतक्या वर्षांत चिकट झालं होतं. ते बाबांच्या बोटांना चिकटत होतं आणि बाबा बोटं लेंग्याला पुसत होते. चेहरा मात्र असा खुललेला, जणू गुप्तधनाचा हंडाच सापडला.

"घे सूनबाई, नवीकोरी जोडी! एक किलोमीटर चाललेली नाही."

"केव्हाची आहे बाबा?"

"तू या घरात यायच्या आधीची. आता असा माल बघायला तरी मिळतो का?"

चूक माझीच. जेवताना तोंड उघडायला नको होतं. गाडीसाठी टायर बघून आले, शनिवारी संध्याकाळी बसवून घेते, एवढंच बोलले आणि बाबा हात न धुताच उठले.

या घराबद्दल आधी सांगायला हवं. आमच्या सोफ्यावर दुकानातून आलेलं प्लास्टिक अजून आहे. उकाड्यात त्याला मांड्या चिकटतात आणि पाहुण्यांसमोर उठताना नको तो आवाज येतो. सोनेरी काठाच्या कपबशा काचेच्या कपाटात आणि आमचा चहा टवके उडालेल्या कपांत. नवे टॉवेल ट्रंकेत, आणि आंघोळीनंतर अंग पुसायला जाळी झालेली फडकी. "चांगलं आहे, ठेवून दे," हे आमच्या घराचं ब्रीद. बाबांची सगळी नोकरी सरकारी भांडारात गेली. माल आत घ्यायचा, कुलूप लावायचं. घरी आले तरी भांडार काही सुटलं नाही. सासूबाईंना घेतलेली चांगली शालसुद्धा अशीच ट्रंकेत होती. त्या गेल्या तेव्हा ती बाहेर निघाली आणि त्यांच्याबरोबर गेली, एकदाही न पांघरलेली. मला त्या ट्रंकेची किळस येते. नुसती झाकण उघडल्याची करकर ऐकली तरी अंगावर काटा येतो.

आणि मला टायर कशाला हवे होते, तर मी नर्स आहे. आमचा दवाखाना दगडखाणीजवळ. गावापासून अर्धा रस्ता डांबरी, पुढे सगळी खडी. दोन्हींच्या सांध्यावर एक वळण आहे. खाणीचा पाण्याचा टँकर गळका, तो रोज त्या वळणावर पाणी सांडत जातो, आणि ट्रकमधून सांडलेली बारीक कच त्यावर पसरलेली असते. त्याच रस्त्यावर माझ्या मुलीची, भिंगरीची, शाळा. ती माझ्या मागे बसते, माझ्या कमरेला मिठी मारून. मागचा टायर झिजून गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. त्या वळणावर गाडी जराशी जरी सरकली की तिची मिठी आवळायची.

दुकानातल्या शेठनी गाडीच्या किल्लीने कान कोरत कोरत मला बटण टायर दाखवले, उंच सुट्या रबरी बटणांचे. तीच किल्ली नंतर टायरवरून फिरवली. "हे घ्या मॅडम, एकदम रांगडा लुक. नाहीतर असं करा, साहेबांनाच पाठवा." साहेब म्हणजे माझा नवरा. त्याला स्टँडवरची गाडी खाली घेता येत नाही. बटण टायर मी एकदा वापरलेत. खडीत बरे, पण डांबरावर एका मोसमात बटणं झिजून चपटी होतात आणि हँडल थरथरतं. नुसता शहरी टायर डांबरावर पुष्कळ चालतो, पण खडीत चिरतो आणि गाडी मासोळीसारखी सुळसुळते. मला मधला हवा होता. मधल्या पट्ट्यात एकमेकांना खेटून मोठे ठोकळे, म्हणजे डांबरावर लवकर झिजत नाही. कडेला मोकळ्या खाचा, म्हणजे खडीत धरून राहतो. बाजू जाड, आणि माल ताजा. कान कोरणं थांबवून शेठनी शेवटी वरच्या फळीवरून तशी जोडी काढली. ती मी बाजूला ठेवायला सांगितली.

शेजारच्या दुकानातून भिंगरीला हेल्मेट घेतलं, निळं, चांदण्यांचं. जुनं तिच्या डोक्याला घट्ट होत होतं, पट्टाही तुटला होता. ते मी तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आमच्या घरी नेलं असतं तर तेही कुणीतरी जपून ठेवलं असतं.

शनिवारी सकाळी मी डबा भरून बाहेर आले तर गाडीला बाबांची जोडी चढवलेली. बाबांनी उजाडताच पंक्चरवाल्याला बोलावून काम उरकलं होतं. दिसायला टायर खरंच नवे. रबराचे ते बारीक केससुद्धा शाबूत. मी खाली बसले आणि बाजू दाबून वाकवली. भेगाच भेगा, पावडर लावलेल्या टाचेसारख्या. ठोकळ्यावर नख दाबलं. नखच वाकलं.

"बाबा, हे रबर मेलंय. चाललं नाही म्हणून काय झालं, पडूनही म्हातारं होतं ते. ओल्या डांबरावर धरणार नाही."

"मेलंय? अगं, नख रुतत नाही त्याच्यात! म्हणजे झिजायचा प्रश्नच नाही. तुला टिकाऊच हवे होते ना?"

"दगडही टिकाऊ असतो बाबा. तो बांधू का चाकाला?"

बाबांचा चेहरा पडला. नवरा दारात उभा राहून संपलेली टूथपेस्टची नळी लाटण्याने दाबत होता. (नवी नळी कपाटात आहे.) तो म्हणाला, "ने ना आजच्या दिवस. बाबांना वाईट वाटेल."

बाबांना वाईट वाटेल. या एका वाक्यावर आमचा संसार उभा आहे. मला दोघांचाही इतका उबग आला, की भांडायचीसुद्धा इच्छा उरली नाही.

"या गाडीवर मी बसणार नाही, आणि भिंगरीही बसणार नाही," मी नवऱ्याला म्हटलं. "ऐकलंस?"

त्याने मान डोलावली. त्याची मान सगळ्यांसाठीच डोलते. गाडीची किल्ली खिळ्यावर लटकत होती, ती मी बरोबर घ्यायला हवी होती. पण रागाच्या भरात तशीच निघाले आणि खाणीच्या ट्रकला हात केला. ट्रकवाला सगळ्या वाटेने खिडकीबाहेर पिचकाऱ्या मारत होता आणि वारा त्याची फवारणी आत आणत होता. मी ओढणीने तोंड झाकून बसले आणि घरातल्या यच्चयावत वस्तूंना शिव्या घातल्या.

दुपारी तोच ट्रकवाला दवाखान्याच्या दारात आला. त्याच्या हातांवर भिंगरी होती.

तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर रक्त होतं. मागून बाबा, डावा हात उजव्या हाताने धरून, गुडघ्याशी लेंगा फाटलेला. शाळा लवकर सुटून ती घरी आली होती. "चल, तुझ्या आईला दाखवू गाडी कशी पळते ते," असं म्हणून ते तिला घेऊन निघाले होते. नवऱ्याने अडवलं नाही. वळणावर ओलं होतं. बाबांनी ब्रेक दाबला आणि गाडी साबणावरून जावी तशी आडवी गेली.

"टायर फिरलासुद्धा नाही ग," बाबा पुन्हा पुन्हा सांगत होते. "नुसता घसरत गेला. नुसता घसरत गेला."

"गप्प बसा," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं बोलले.

डॉक्टर शहरात बैठकीला गेलेले. भुवईच्या वरचे टाके मीच घातले. डोळा बोटभर अंतराने वाचला होता. मी तिला विचारत राहिले, मळमळतंय का, दोन दोन दिसतंय का, आज वार कोणता. ती नीट उत्तरं देत होती. तेव्हा कुठे मला आठवलं.

"भिंगरे, तुझं हेल्मेट कुठंय?"

"कपाटात."

"आजोबांनी घाल म्हणून सांगितलं नाही?"

"सांगितलं. मीच नको म्हटलं."

"का?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू आईला एवढंही कळत नाही. "नवीन आहे ना ते. ओरखडे पडले असते."

समोरच्या बाकावर बाबा बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय बोलून बसले असते, देव जाणे. त्यांचा हात सुजून आला होता. मी तो फळीला बांधला, झोळी करून गळ्यात अडकवला, आणि तरीही पाहिलं नाही.

घरी आलो तेव्हा नवरा दारातच उभा होता. "दुकानात जा," मी म्हटलं, "वरच्या फळीवरची जोडी घेऊन ये." तो चपला घालून निघालासुद्धा.

बाबा बसले नाहीत. सरळ कपाटाशी गेले. हेल्मेट दुकानाच्या पिशवीतच होतं आणि पिशवीचं तोंड भिंगरीने स्वतःच्या केसांच्या रिबिनीने बांधलं होतं, छान फूल काढून. एका हाताने गाठ सुटेना. बाबांनी दातांनी पिशवी फाडली. मग हेल्मेट सोफ्यावर ठेवून गुडघ्याने दाबून धरलं, खिशातून गाडीची किल्ली काढली, आणि चांदण्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत कचकचून ओढली.

भिंगरी किंचाळली. "आजोबा! खराब केलंत!"

"हो." त्यांनी आणखी एक ओरखडा काढला. खालचं सोफ्याचं प्लास्टिकही टरकलं. "झालं खराब. आता घालायचं. टाके निघाले की रोज घालायचं."

ती भोकाड पसरून रडायला लागली. बाबाही रडत होते. नाक गळत होतं आणि ते गळ्यातल्या झोळीला पुसत होते. मला त्याची किळस यायला हवी होती. मी आत गेले, ट्रंक उघडली आणि एक नवा टॉवेल आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी घडी मोडली आणि नाक पुसलं.