मंदाबाईंना पाच पत्रं

तापीने मंदाबाईंना पाच पत्रं लिहिली आणि त्या पाच पत्रांत सख्ख्या बहिणीचं लग्न जुळवून टाकलं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं, आणि ती काय करते आहे ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. ती बापडी फक्त विचारत होती, द्राक्षाच्या बागेत दोन दिवस राहायला मिळेल का, आणि सकाळी नाश्त्याला काय देता. आता घरात सगळे खूश होते, गल्लीतल्या बाया तिच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, आणि तापी त्या हातांखालून निसटायला बघत होती.

झालं ते असं. एक्क्याण्णवचा जानेवारी महिना होता. तापीचे वडील गिरधर झोपे, म्हणजे भाऊ, रावेरजवळचे केळीवाले. शेतीच्या साप्ताहिकात त्यांना एक चौकट दिसली: 'द्राक्षबागेत मुक्काम. निफाडपासून सहा किलोमीटर. दोन खोल्या, स्वच्छ गाद्या, सकाळचा चहा-नाश्ता. बाग व ठिबक सिंचन दाखवण्याची सोय. शेतकरी कुटुंबांस प्राधान्य.' खाली नाव, अभिमन भंगाळे.

"भंगाळे म्हनजे आपल्याकडचेच दिसून राह्यले," भाऊ म्हणाले. "ठिबक पाह्यचंच आहे मले. जाऊन येतो."

"एकलेच?" आई चुलीपुढून म्हणाली. आईचं नाव सुनंदाबाई. तिला कुठे न्यायचं असं आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. "माहा जलम गेला केळीच्या पानाखाली. मले बी दुसरं एखांदं झाड दाखवा."

"चाल मग. बठ्ठेच जाऊ, पोरी बी."

"पन तिकडं द्राक्षाची दारू काढतात म्हने. कारखानाच निघाला आहे."

"तुले कोन पाजून राह्यलं?"

"पोरी बरोबर आहेत म्हटलं."

"पोरी द्राक्षं खातीन," भाऊ म्हणाले आणि विषय संपला.

पोरी दोन. थोरली मुक्ता बारावी सायन्सला आणि धाकटी तापी नववीत. सहल ठरल्याचं ऐकून तापी घरभर नाचली. मुक्ता नाचली नाही. ती तापीला मागच्या अंगणात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "मला धुळ्याला शेती कॉलेजात जायचंय. भाऊंना तीनदा विचारलं, तिन्ही वेळा बघू म्हणाले."

"मग?"

"भाऊ घरात असले की बघू म्हणतात. बाहेर गेले की ते वेगळे असतात. तिथे त्या बागेत मी त्या लोकांना माती विचारीन, खत विचारीन, छाटणी विचारीन. भाऊंना ऐकू दे, आपली पोरगी चार माणसांत कशी बोलते ते. परत येताना गाडीत विचारलं तर हो म्हणतील." मग तिने बोट उगारलं. "तोवर धुळ्याचं नाव कुणाजवळ काढायचं नाही. भंगाळे-बिंगाळे कुणालाच नाही."

म्हणजे बाकीच्यांसाठी ती सहल होती, मुक्तासाठी परीक्षा. तापीला हे इतकं आवडलं की तिने तिथल्या तिथे ठरवलं, ही परीक्षा आपण मुक्ताला पास करून द्यायची. डिसेंबरात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली होती आणि तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं की जगात असं एकही काम नाही जे नीट बोलून होत नाही. भाऊंनाही तेच वाटत होतं बहुतेक. ते म्हणाले, "पत्र तापीच लिहीन. तिचं मराठी पुण्याचं आहे." आणि आंतर्देशीय पत्रांची चळतच तिच्या हातात ठेवली.

पहिलं पत्र साधंच होतं. आम्ही चौघे, पेपर संपले की मार्चअखेर येऊ, खोलीत पंखा आहे का, अंघोळीला गरम पाणी मिळेल का. उत्तर अभिमनभाऊंच्या बायकोचं आलं, मंदाबाईंचं. गोल गोल अक्षर. 'पोरी, तुझं पत्र घरात तिघांनी वाचलं. किती गोड लिहितेस.' त्यांचे सासरे यावलकडून जाऊन तिकडे जमीन घेतलेले, घरात अजून बोली आपलीच. एक दिवस पोहे आणि एक दिवस ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी देऊ. शेवटी लिहिलं होतं, 'तुम्ही झोपे म्हणजे कुठले? आईचं माहेर कोणतं?'

आपल्याकडे पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी हे विचारतात. तापीने सगळं लिहिलं. माहेर फैजपूरचं, मामा दोन, एक मास्तर, एक शेती करतो. आणि जागा उरली म्हणून, आणि मंदाबाईंनी आपल्याला गोड म्हटलं म्हणून, आणि मुख्य म्हणजे अभिमनभाऊंनी मुक्ताला बाग फिरवून दाखवावी म्हणून, तिने उरलेली सगळी जागा मुक्ताने भरून टाकली. मुक्ताला पान बघून केळीचा रोग कळतो. कोणत्या मळ्यात कधी खत टाकलं ते भाऊ विसरतात, मुक्ता विसरत नाही. मी चार तास बोलते ते ती चार शब्दांत सांगते. तिच्या हातचं भरीत खाऊन फैजपूरचे मामा ताट पुसतात. तिला शेतीची फार म्हणजे फार आवड आहे. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढे तापी रोज हाच विचार करायची की निदान काहीतरी खोटं लिहायला हवं होतं.

तिसऱ्या पत्राआधी मंदाबाईंनी विचारलं, 'खाटा लहान-मोठ्या आहेत. कोण किती उंच ते कळव, म्हणजे तशा लावून ठेवू.' तापीला केवढं कौतुक वाटलं. पाहुण्याची इतकी काळजी. तिने टेप आणली, भाऊंना भिंतीला उभं केलं, आईला उभं केलं, भाऊ म्हणाले, "खाट देते का कपडे शिवते ही बाई?" आणि सगळे हसले. मुक्ता पाच फूट तीन इंच भरली. तापीने लिहून टाकलं. चौथ्याआधी मंदाबाई म्हणाल्या, आमचा वाल्मीक स्टेशनवर घ्यायला येईल, ओळखू यावं म्हणून एखादा फोटो पाठव. घरात धड फोटो कुणाचाच नव्हता. मुक्ताचे होते, पासपोर्ट साईजचे तीन, धुळ्याच्या फॉर्मसाठी तिने गुपचूप काढून आणलेले. चौथं पत्र तापीने पाकिटात घातलं आणि त्यातला एक सोबत ठेवला. मुक्ताने कुरकुर केली, पण तिला वाटलं, फॉर्मला दोनच लागतात.

पाचव्या पत्रात फक्त तारीख आणि गाडीची वेळ होती.

शेजारच्या लिलाबाईला ही पत्रं कुणी वाचून दाखवली असती तर तिने माहेर, उंची, फोटो असं बोटावर मोजून तिसऱ्या बोटाला ओळखलं असतं. पण पत्रं कुणी वाचलीच नाहीत. तापी लिहिते म्हणजे काही बघायला नको, असं झालं होतं. आणि तापीलाही तेच हवं होतं.

मार्चच्या मध्यावर, मुक्ताच्या केमिस्ट्रीच्या पेपरच्या दिवशी, अभिमनभाऊंचं पत्र आलं. तापीला नाही, भाऊंना. तापीने पाकीट फोडायला हात पुढे केला तर भाऊ म्हणाले, "थांब, माह्या नावचं आहे," आणि ओट्यावर बसून मोठ्याने वाचायला लागले. आपल्या मुलीविषयी धाकटीच्या पत्रांतून सगळं समजलं. फोटो घरात सर्वांना पसंत आहे. आमचा मुलगा वाल्मीक बागेचं सगळं बघतो. आपण येतच आहात, तर भाडेकरू पाहुणे म्हणून न येता सोयरे म्हणून या, मुलगी-मुलगा एकमेकांना बघतील, मन जुळलं तर साखरपुडा इथेच उरकू.

भाऊंनी पत्र दोनदा वाचलं.

"पाय झिजवतात लोक," ते आईला म्हणाले. "अन् आपल्या घरी स्थळ पोस्टानं आलं."

आईने पदर डोळ्याला लावला, मग तापीला जवळ ओढलं. "माय व, कोनी शिकवलं तुले एवढं?"

दारातून लिलाबाई डोकावली. तिला सांगितल्याशिवाय आईला राहवलं नाही. लिलाबाई म्हणाली, "तापे, माह्या पारूचं बी एक पत्र लिहून दे व. पन तिची उंची जरा वाढवून लिही."

सगळे हसले. तापी उभी होती तिथेच उभी राहिली.

मुक्ता पेपर देऊन आली. आईनेच तिला सांगितलं. तिने पॅड आणि कंपासपेटी फळीवर ठेवली, पाणी प्यायली, आणि मग तापीकडे बघून विचारलं, "तू काय लिहिलंस?"

"मी खोल्यांचं विचारलं," तापी म्हणाली. "मी पंख्याचं विचारलं."

मुक्ता आत गेली आणि बायोलॉजीचं पुस्तक उघडून बसली. ती ओरडली असती, एक ठेवून दिली असती तर तापीला सोसलं असतं. दोन पेपर राहिले होते, ते मुक्ताने नीट दिले. का दिले, हे तापीला विचारायची हिंमत झाली नाही.

तिने भाऊंना गाठलं. मळ्यातच गाठलं, घराबाहेर ते वेगळे असतात म्हणून. पाटाच्या कडेला उभं राहून तिने सगळं सांगितलं: मुक्ताला धुळ्याला जायचंय, ती एका पैशाचंही खोटं बोलत नाही, तिने तीनदा विचारलं आणि तुम्ही बघू म्हणालात, ती तुमच्या मळ्याचं भलंच करील. स्पर्धेत बोलली होती त्यापेक्षा ती चांगली बोलली. भाऊंनी फावड्यावर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

"मस्त बोलतेस," ते म्हणाले. "यालेबी बक्षीस भेटलं असतं."

"भाऊ, मी खरं सांगतेय."

"मी बी खरंच सांगतो. धुळ्याले पोरगी एकली ठेवू का मी? तिले शेतीच पाह्यजे ना? मग शेतीच भेटून राह्यली. आयती. ठिबकवाली." त्यांनी पाण्याला वाट करून दिली. "तूच तर लिहिलं, तिले शेतीची आवड आहे म्हनून. आता माघारी घेते काय?"

मग तापीने सहावं पत्र लिहिलं, कुणाला न सांगता. त्यात धुळे होतं, कॉलेज होतं, तीनदा विचारलेलं होतं. 'तुम्ही थांबा म्हणालात तर भाऊ ऐकतील,' असं तिने शेवटी लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, त्याच गोल अक्षरात. 'पोरी, बहिणीसाठी किती जीव तुटतो तुझा. वाचून डोळे भरले. आम्हाला शिकायची आवड असलेलीच सून हवी. इथे बागेत ती सगळं शिकेल, वाल्मीक शिकवेल. काही काळजी करू नकोस.'

वाईट बाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. तापीने पत्र चुलीत टाकलं. मुक्ताला दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पेपर संपल्यावर तिसऱ्या दिवशी, तापीने कळवलेल्या त्याच तारखेला, चौघे निघाले. रावेरहून पॅसेंजर, भुसावळला गाडी बदलली. ठिबकचं पाहणं मागे पडलं होतं. भाऊंनी नवं धोतर नेसलं होतं आणि आईच्या पिशवीत मुक्तासाठी जरीची साडी होती. मुक्ता खिडकीशी बसली, तापी तिच्या शेजारी. गेल्या पंधरा दिवसांत दोघी 'सरक' आणि 'घे' याच्यापलीकडे बोलल्या नव्हत्या.

पाचोरा गेल्यावर मुक्ताने बाहेर बघत विचारलं, "मंदाबाई किती वाजता उठतात?"

तापीला आधी वाटलं आपल्याला नाही विचारलं.

"साडेचारला," ती म्हणाली. "गाई आहेत दोन."

"तिखट खातात?"

"कमी. अभिमनभाऊंचं पोट दुखतं, म्हणून भाजी सगळ्यांनाच कमी तिखट."

"पाणी?"

"नळ आहे मागे. विहिरीवर मोटार आहे. लाईट गेली की ओढायला लागतं."

"कामाला बाई?"

"छाटणीला येतात. घरात नाही. घरातलं मंदाबाईच करतात, त्यांचे गुडघे दुखतात."

मुक्ताने मान हलवली. ती एकेक विचारत गेली आणि तापी सांगत गेली. तिला सगळं पाठ होतं: देवघर कुठे आहे, म्हाताऱ्या सासऱ्यांना ऐकू कमी येतं, पाहुणे आले की त्यांचा नाश्ता सात वाजता तयार लागतो आणि पाहुणे दर आठवड्याला येतात. एरवी शाळेत उत्तर येत असलं की तिचा हात सगळ्यात आधी वर जायचा. आता प्रत्येक उत्तर देताना तिला वाटत होतं, हे तरी आपल्याला माहीत नसतं तर बरं झालं असतं. मुक्ता राहायला चालली होती त्या घराची माहिती असलेलं माणूस साऱ्या गाडीत ती एकटीच होती.

"आणि तो?" मुक्ताने विचारलं.

"वाल्मीक?"

"हं. कसा आहे?"

तापीने तोंड उघडलं. मंदाबाईंची सगळी पत्रं तिने मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. कुत्र्याचा रंगसुद्धा होता त्यात. वाल्मीक एवढाच होता की तो बाग बघतो आणि स्टेशनवर घ्यायला येईल.

"त्याचं काही लिहिलेलं नाही."

"तू विचारलं नाहीस?"

"नाही."

समोरच्या बाकावरून भाऊ म्हणाले, "मुक्ते, डबा काढ व, भूक लागली." तिने पिशवी ओढली, डबा उघडला आणि आधी भाऊंना, मग आईला, मग तापीला वाढलं.