वीस साखळ्यांच्या आत

मी लोखंडाची एक जुनी साखळी आहे. पण मला गुरं बांधत नाहीत आणि कुणाच्या दाराला लावत नाहीत. मी जमीन मोजणारी साखळी आहे. माझी लांबी तेहतीस फूट. मित्रांनो, तेहतीस फूट म्हणजे बरोबर अकरा गज. हा आकडा लक्षात ठेवा, कारण याच आकड्यापायी माझ्या जिवाला घोर लागला होता.

माझा जन्म कोल्हापुरात एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. तेव्हा शाहू महाराजांचं राज्य होतं. लोहाराने जाड तार तापवली, तिचे तुकडे केले, आणि कडीत कडी अडकवून मला घडवलं. रुपयाचे जसे सोळा आणे, तसे माझेही सोळा भाग. त्यांनाही आणेच म्हणत. प्रत्येक आण्याला खुणेसाठी पितळेचं एक पान आणि दोन्ही टोकांना पितळेच्या मुठी. कचेरीतल्या कारकुनाने मला मापाशी ताडून पाहिलं आणि म्हणाला, "केसभर फरक न्हाय." ते ऐकून मला फार अभिमान वाटला होता.

तिथून मी कासारतळे या गावी आले. कोल्हापूरहून नृसिंहवाडीला जाणाऱ्या वाटेपासून थोडं आत हे गाव आहे. गावात नुकतीच पाच जणांची कमिटी बसली होती. रस्ता किती रुंद असावा, कंदिलाचे खांब कुठे रोवावेत, उकिरडा कुठे असावा, हे कमिटी ठरवायची. ठरलं की मला चावडीच्या खुंटीवरून खाली काढायचे. मला वागवायचं काम आकाराम शिपायाकडे होतं. तो मला कधी चिखलात ओढत नसे. काम झालं की फडक्याने पुसायचा, एकेक कांडी दुमडायचा आणि म्हणायचा, "चल बाई, झालं तुजं."

बाजाराचा रस्ता मी मोजला. शाळेची जागा मी मोजली. दोन भावांचं बांधावरचं भांडण माझ्यामुळे मिटलं. लोक म्हणायचे, "साकळी बोलली, म्हंजे झालं." माणसं माझ्यावर इतका भरवसा ठेवतात हे ऐकताना छाती भरून यायची. पुढे हेच शब्द ऐकले की मला धडकी भरू लागली. का, ते सांगते.

त्या वर्षी पावसाळ्यात गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. कमिटीचे अध्यक्ष गणपतराव यांची सून चिमणाबाई आजारी पडली. गणपतरावांनी तिला गाडीत घातलं आणि कोल्हापूरच्या दवाखान्याकडे निघाले. वाटेत ओढ्यात गाडी रुतली. बैल गुडघ्यापर्यंत गाळात. दोराने ओढू गेले, तर दोर तुटला. नेमका त्याच वेळी आकाराम मला खांद्यावर टाकून मोजणीवरून परतत होता.

गणपतराव ओरडले, "आकाराम, काय बी कर, पर गाडी भाईर काढ!"

आकारामने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मला गाडीच्या आखाला बांधलं आणि दुसरं टोक काठावरच्या शेतात औताला जुंपलेल्या दोन बैलांच्या जुवाला. बैलांनी ओढ घेतली. माझ्या कड्यांची तोंडं उघडू लागली. इतका ताण मी जन्मात सोसला नव्हता. पण गाडीत ती पोर कण्हत होती, म्हणून मी तुटले नाही. गाडी निघाली.

चिमणाबाई मात्र वाचली नाही. दोन दिवसांनी दवाखान्यातच गेली.

आकारामने घरी नेऊन मला धुतलं. अंगणात पसरलं आणि काठीने मापलं. त्याचा चेहरा पडला. मी वाढले होते. आठ बोटं वाढले होते. कचेरीला कळवायचं, तर सरकारी साखळी गाडी ओढायला का लावली, असं विचारणार. नोकरी गेली, तर घरच्या पाच तोंडांनी खायचं काय? त्याने मला गुंडाळलं आणि गुपचूप खुंटीवर नेऊन अडकवलं. त्या दिवसापासून माझ्या मनात भीती बसली. कुणी चावडीत आलं की वाटायचं, आता मला काढतील, आता मी खोटं बोलेन.

आणि तसंच झालं.

पटकीनंतर कमिटीची बैठक भरली. सून गेल्यापासून गणपतराव एकटेच जेवायचे, धड बोलायचेही नाहीत. पण त्या दिवशी ते बोलले. "गाव ज्या तळ्याचं पाणी पितंय, त्या तळ्यापासनं वीस साखळ्यांच्या आत रंगाचं रांजण नगं, कातड्याची कुंडं नगंत, उकिरडा नगं. माज्या घरात झालं ते दुसऱ्याच्या घरात व्हायला नगं." सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम चांगला होता, मित्रांनो. मलाही पटला होता.

तळ्याचा बांध सरळ होता. त्याच्या समोर, थोड्या अंतरावर, रंगाऱ्यांची जागा होती. तिथे निळीचे नऊ रांजण बांधाला समांतर एका ओळीत जमिनीत पुरलेले होते. शमशुद्दीन, त्याची विधवा भावजय हाफिजाबी आणि मौला अशी तीन घरं त्या रांजणांवर जगत होती. निळीचा रांजण म्हणजे नुसतं भांडं नव्हे. आतलं आंबवण वर्षानुवर्षं जपावं लागतं, दह्याच्या विरजणासारखं. हाफिजाबीचा मधला रांजण तिच्या सासूने लावलेला होता. जागेवरून काढला तर तो मरणारच.

मला तळ्याच्या बांधावर नेलं. एक मूठ आकारामच्या हातात, दुसरी शमशुद्दीनच्या. त्याच्याच हातात दिली, म्हणजे मागाहून तक्रार नको. मी उन्हात पडत होते, उचलली जात होते, पुन्हा पडत होते. आकाराम मोजत होता. त्याचा आवाज प्रत्येक आकड्याला बारीक होत गेला. मोठी पावलं टाकणाऱ्याची वाट थोड्या पावलांत सरते. मी वाढले होते, म्हणून माझ्या मापाने अंतर कमी भरत होतं. मला ते ठाऊक होतं. आकारामलाही ठाऊक होतं. आणि आम्ही दोघंही पुढे चाललो होतो.

"एकोणीस साखळ्या, चौदा आणे," आकाराम म्हणाला.

वीसला दोन आणे कमी! म्हणजे जेमतेम चार फूट. तेवढ्यासाठी रांजण हलवावे लागणार होते.

शमशुद्दीनने गणपतरावांपुढे हात जोडले. "आबा, दोन आण्यांनी काय बिघडतंय? म्होरच्या माळावर जा म्हंतासा, पर तितं पाणी कुठं हाय?"

गणपतराव म्हणाले, "आज तुला दोन आणं सोडलं, तर उद्या दुसरा चार आणं मागायला ईल. नेम त्यो नेम. साकळी बोलली, झालं." मग पंधरा दिवसांची मुदत दिली.

ते पंधरा दिवस मी खुंटीवर कसे काढले, ते माझं मला माहीत. आकाराम येता-जाता माझ्याकडे बघायचा आणि मान खाली घालायचा. एकदा तो मला हात लावून हळूच म्हणाला, "काय करू ग?" मी काय सांगणार? दिवस मोजायचं तेवढं माझ्या हाती होतं. दहावा गेला, अकरावा गेला. बाराव्या दिवशी बातमी आली, की मौलाने आपले तीन रांजण फोडले. भांडत बसण्यापेक्षा हुकूम पाळलेला बरा, असं त्याला वाटलं. बायकोमुलांना घेऊन तो कागलकडे सासुरवाडीला निघून गेला. ओढ्यापर्यंतची माती निळी झाली होती, असं लोक सांगत होते. ते ऐकून माझ्या कड्यांना जणू पुन्हा ताण बसला.

तेराव्या दिवशी दुपारी कमिटी चावडीत बसली असताना हाफिजाबी आली. पन्नाशीची बाई, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. काखेत कापड मोजायचा लाकडी गज.

"बसा हाफिजाबी," गणपतराव म्हणाले. "पर मुदत वाढवून मागू नगा."

"मुदत न्हाय मागत, आबा. एक इचारते. एका साकळीत गज किती?"

"अकरा."

"मग वीस साकळ्यांत?"

"दोनशे वीस. का?"

"मी बांधापासनं रांजणापतूर गजानं मोजलं. एकदा न्हाय, तीन बार. दोनशे बावीस भरतंय की!"

कमिटीत हशा पिकला. गणपतराव हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमचा गज आखूड असंल."

"असंल की. मग केरबाण्णांचा गज आणा." केरबा कमिटीत होते आणि त्यांचं कापडाचं दुकान होतं. "आमचं कापड त्येच मोजून घेत्यात. त्येंचा गज आखूड असंल तर माजं काय म्हणणं न्हाय."

आता केरबांना गज आणणं भागच होतं. गज आला. चावडीपुढच्या अंगणात मला सरळ ताणून पसरलं. लोक गोळा झाले. मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! इतके दिवस मला उघडं पडण्याची भीती वाटत होती. आता वाटत होतं, लवकर मोजा, एकदाचं कळू दे.

केरबा वाकून मोजू लागले. नऊ. दहा. अकरा. अकरावा गज संपला आणि तरी मी पुढे उरलेच होते. केरबांनी उरलेल्या तुकड्यावर आडवी बोटं ठेवली. "आठ बोटं जास्त हाय," ते म्हणाले. त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा आठ बोटं.

"असं कसं हुईल?" गणपतराव उठून उभे राहिले. "सरकारी साकळी हाय ही!"

तेव्हा आकाराम पुढे आला.

"मालक, ती वाढल्याली हाय. मला ठावं व्हतं."

"कवा वाढली?"

आकारामने वाकून माझी एक मूठ उचलली. मग म्हणाला, "चिमणावैनींना दवाखान्यात नेताना गाडी रुतलीती वड्यात. हिनंच वढून काडली."

गणपतराव खाली माझ्याकडे पाहत राहिले. माझ्या उघडलेल्या कड्या त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या असतील.

"मग तवाच का सांगितलं न्हाईस?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"पोटाला भ्यालो, मालक."

"आन् रांजणं मोजताना?"

"त्या दिशी तुमच्या तोंडाकडं बघून जीभ उचलली न्हाय."

गणपतराव चावडीच्या पायरीवर बसले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता ते आकारामवर आग ओततील, किंवा म्हणतील, सून माझी गेली, ते रांजण हलवाच. त्यांना कुणी अडवलं नसतं. थोड्या वेळाने ते उठले.

"नेम वीस साकळ्यांचा," ते म्हणाले. "नेम आमीच केलाय. खऱ्या मापानं रांजण भाईर हायत. तवा ते जाग्यावरच ऱ्हातील. लिव्हून घ्या."

लोक हाफिजाबीकडे पाहू लागले. ती खूश होऊन निघून जाईल असं सर्वांना वाटलं. पण ती थांबली. म्हणाली, "आबा, आमचं रंगाचं पाणी उतारानं तळ्याकडं जातंय, ते मला बी दिसतंय. ते पाणी माजी नातवंडं बी पित्यात. कमिटीनं शेताकडं एक चर खणून द्यावा. आमी बी खणू लागतो."

गणपतरावांनी मान डोलावली. आठ दिवसांत चर खणून झाला. रांजणांचं पाणी तळ्याऐवजी खालच्या पडीक रानात जाऊ लागलं. चर कुठून कुठे न्यायचा, हे ठरवताना गणपतराव आणि हाफिजाबी बांधावर उभे राहून चांगले अर्धा तास भांडले, असं म्हणतात. मी तिथे नव्हते.

मी कोल्हापूरच्या वाटेवर होते. आकारामला कमिटीने कामावरून काढलं नाही. मात्र मला पाठीवर घेऊन त्याने पायी कचेरीत जावं आणि काय घडलं ते स्वतःच्या तोंडाने सांगावं, असा हुकूम झाला. त्याने सगळं सांगितलं. कारकुनाने मला पाहिलं आणि मान हलवली. माझ्या कड्या दुरुस्त होण्यापलीकडे गेल्या होत्या. आकारामला नवी साखळी मिळाली. मला तो टाकून देऊ शकला असता, पण त्याने परत आणलं. गावात आल्यावर कमिटीने चावडीपुढे बरोबर अकरा गजांवर दोन दगड पुरले. साखळी मोजणीला निघण्याआधी त्या दगडांवर ताणून पाहायची, आणि बाई असो वा पुरुष, कुणालाही तिथे उभं राहून बघता येईल, असं ठरलं.

मौलाला निरोप धाडला होता. "तुझी जागा मोकळी आहे, परत ये." तो आला नाही. सांडलेलं आंबवण पुन्हा लावायला सात-आठ वर्षं लागतात, आणि मनही लागतं, असं त्याने सांगून पाठवलं. त्याच्या तीन रांजणांचे खड्डे ओळीच्या टोकाला अजून आहेत. त्यांच्यात पावसाचं पाणी साचतं. चूक सापडली म्हणून सगळंच भरून निघतं असं नाही, हे मला त्या खड्ड्यांनी शिकवलं.

आता मी तुमच्या शाळेत खिळ्यावर टांगलेली असते. गुरुजी कधी मला खाली काढून आणे शिकवतात. कधी तुम्ही मला ओढत आगगाडी-आगगाडी खेळता. खेळा, माझी तक्रार नाही. माझ्यावर गंज चढतोय. वर्षातून एकदा तेलाचा बोळा फिरवलात तर बरं वाटेल, पण तेही राहू द्या.

एवढंच सांगते. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी शिपाई होईल, कुणी चावडीत बसून गावाचे नियम करील. कुणाचं घर कुठे असावं, कुणाला कुठून उठवावं, हे तुमच्या एका शब्दाने ठरेल. तेव्हा ज्या मापाने मोजणार, ते माप आधी तपासा. ते कितीही जुनं असो, सरकारी असो, साऱ्या गावाचा त्यावर कितीही भरवसा असो. आणि गज घेऊन कुणी दारात आलं, तर हसू नका. मी वाढले आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मित्रांनो. पण माझ्यासारख्या वस्तूला आपणहून बोलता येत नाही. म्हणून विचारत जा.