शिटी थांबली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. पेडण्याच्या बाजारामागे एक दवाखाना आहे. त्याला आता कुलूप असते. आतल्या भिंतीवरच्या खिळ्याला मी लटकतो. माझी रबरी नळी कडक झाली आहे आणि कानात घालायचे एक टोक उंदरांनी कुरतडले आहे.

माझे नाव दोन ग्रीक शब्द जोडून झाले. स्तेथोस म्हणजे छाती आणि स्कोपेइन म्हणजे पाहणे. छाती पाहणारा! नाव ठेवणाऱ्याचा घोटाळाच झाला म्हणायचा, कारण मला दिसत काहीच नाही. मी फक्त ऐकतो. तेव्हा पुढची गोष्टही ऐकलेलीच आहे.

कारखान्यातून खोक्यात बसून मी आलो तेव्हा डॉक्टर दिनकर तरुण होते. मला गळ्यात अडकवून ते मोटारसायकलवरून कोरगाव, हळर्णपर्यंत जात. ग्रीक लोक खाटेला क्लिने म्हणत, त्यावरून क्लिनिक झाले. म्हणून डॉक्टराने रोग्याच्या खाटेपाशी गेलेच पाहिजे, असे ते म्हणत. शब्द फोडून दाखवण्याचा त्यांना नादच होता. सरस्वतीकाकींना त्यांनी सांगितले, "डायबिटीस म्हणजे आरपार निघून जाणे. प्यायलेले पाणी अंगात थांबतच नाही."

"म्हणजे मी फुटकी घागर, असा सरळ म्हणा मरे!" काकी म्हणाल्या. दवाखाना हसला. पण त्या दिवसापासून काकी आपला आजार विसरल्या नाहीत. लोक माझेही कौतुक करत. "डॉक्टरांची नळी लागली की अर्धो ताप उतरता," म्हणत.

असे सगळे शब्द उघडणाऱ्या डॉक्टरांनी एक शब्द मात्र बंदच ठेवला.

सगुण डिचोलीला खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. त्याच्या छातीत मी शिटी ऐकली. श्वास बाहेर पडताना बारीक, लांब शिटी. डॉक्टर काही बोलणार, इतक्यात त्याची बायको शांता हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरांनू, दमो म्हणू नकात. भायर माणसां बसली आसत. आमच्या प्राजक्ताची सोयरीक जमता आसा. घराण्यात दमो आसा म्हणान कळला, तर मोडतली."

डॉक्टरांनी मला कानांतून काढले. मग मोठ्याने म्हणाले, "अस्थमा आहे. हा पंप रोज ओढायचा."

शांताने सुटकेचा श्वास सोडला. शब्द परका होता, स्वच्छ होता. त्याचा अर्थ त्या दिवशी कोणी विचारला नाही आणि डॉक्टरांनीही सांगितला नाही.

पुढे पावसाळा सरला आणि एका सकाळी सगुणला त्याचा मोठा भाऊ बाबाजी घेऊन आला. शांता सोबत होती. बाबाजी गावात पोथी वाचायचा. त्याचा आवाज खूश होता.

"डॉक्टरांनू, अस्थमा म्हणजे अस्थींचो आजार, इतका माका कळता. बाबाच्या अस्थी मीच न्हंयत सोडलंय. मगे ह्यो पंप कित्याक? वारो मारून हाड जुळता काय? मी तो बंद करून ह्याका हाडवैद्याकडे व्हेलंय. त्याणा तेल चोळून बरगड्यो घट बांधल्यो. आता फक्त अशक्तपणा आसा. शिटी बघा, बंदच झाली!"

कात्रीने पट्ट्या कापल्याचा आवाज आला. मग डॉक्टरांनी मला सगुणच्या छातीवर टेकवले. पाठीवर टेकवले. पुन्हा छातीवर.

मित्रांनो, इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. शिटी वाजायलाही थोडा वारा लागतो. सगुणच्या छातीत तेवढाही जात नव्हता. खूप आत फक्त काळीज धडधडत होते, घाईघाईने, पळणाऱ्या माणसासारखे.

डॉक्टरांनी पंप दिला, ऑक्सिजन लावला, गाडी बोलावली. म्हापशाच्या इस्पितळात पोहोचण्याआधीच सगुण गेला.

क्रियाकर्म उरकल्यावर शांता दवाखान्यात आली. तिने एकच विचारले, "अस्थमा म्हणजे काय, डॉक्टरांनू?"

"ग्रीक शब्द आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही. "त्याचा अर्थ धाप."

"मगे धापच म्हणाक काय झालेला?"



काही महिन्यांनी शांता एका पाहुण्याला घेऊन आली. प्राजक्ताचे होणारे सासरे, बाबुराव. सोयरीक मोडली नव्हती. शांता पडद्याबाहेरच्या बाकावर बसली. डॉक्टरांनी मला बाबुरावांच्या छातीवर ठेवले आणि मी दचकलो. तीच शिटी. बारीक, लांब.

"लय वर्सां आसा," बाबुराव कुजबुजले. "पण भायर दमो म्हणू नकात हां. सोयरीक जमली आसा."

डॉक्टरांनी मला छातीवरून उचलले. मग ते पूर्वीच्याच मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाले, "बाबुराव, दमा आहे तुम्हाला. दमा. लपवण्यासारखे त्यात काही नाही."

पडद्यापलीकडे बाक करकरला. मग शांताचा हुंदका ऐकू आला, पदरात दाबल्यासारखा. मला दिसत नाही, पण तो मी अजून ऐकतो.

त्यानंतर डॉक्टरांनी कुणापुढे शब्द फोडले नाहीत. दमा असेल तर दमा म्हणाले, क्षय असेल तर क्षय. दवाखान्यात पुन्हा तसा हशा पिकला नाही. मग म्हातारपण आले, मुलगी त्यांना मडगावला घेऊन गेली, आणि मी खिळ्यावर राहिलो.

मित्रांनो, माझ्यासाठी नवी नळी आणू नका. तेवढी आशा मला नाही. पण उद्या तुमच्या घरात कुणाला एखादे परके, चकचकीत नाव मिळाले, तर तिथेच विचारा, ह्याचा अर्थ काय? आणि घरी आल्यावर तो अर्थ आपल्या शब्दात, मोठ्याने सांगा. शेजाऱ्यांना ऐकू गेला तरी चालेल.