आईचा ट्रॅक

डाव्या हाताने पोट घट्ट दाबून धरून ती माइकसमोर रडली. पडद्यावरची म्हातारी दाराच्या फटीतून मुलाकडे बघत होती आणि तिच्या थरथरणाऱ्या ओठांवर हिचा हुंदका अगदी चपखल बसला. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टदादांनी अंगठा वर केला. रडणं हा तिच्या हातचा मळ होता. आई झाल्यापासून तर ते रोजचंच झालं होतं.

आई म्हणजे मालिकेतली. गेली पंधरा-सोळा वर्षं परभाषेतली कुठलीही मालिका डबिंगला आली, की नायकाचा आवाज तिच्या नवऱ्याचा आणि नायिकेचा तिचा, हे न विचारता ठरलेलं असायचं. स्टुडिओत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे, सगळे 'जोडी' म्हणत. जोडी आली का, जोडीला चहा द्या. मग ही मालिका आली आणि निर्मात्याने तिचा नमुना ऐकून सांगितलं, "मॅडम, आवाज भरलाय आता. आईला छान शोभेल." त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. नायिकेसाठी एक मुलगी आली, तिला सगळे 'नवी' म्हणायला लागले. नायक मात्र तोच राहिला. बायकांचे आवाज भरतात, पुरुषांचे मुरतात, असा काहीतरी या धंद्याचा कायदा असावा.

"वहिनी, पुढचा," दादा म्हणाले. "मुलगा सुनेशी बोलतोय. त्याचं वाक्य संपलं की तुमचा फक्त एक दचकलेला श्वास. बाकी काही नाही."

पूर्वी दोघं एकाच माइकसमोर खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. आता ज्याचं त्याने येऊन एकट्याने बोलून जायचं. तो सकाळी, ती दुपारी, नवी संध्याकाळी. त्यामुळे सकाळचा नवरा तिला दुपारी हेडफोनमध्येच भेटायचा. तसा घरीही तो फारसा भेटत नव्हताच.

"तू नसलीस तर मी कुणाशी बोलू?" कानात तो म्हणाला.

तिचा श्वास यायला हवा होता, तो आलाच नाही.

"वहिनी, क्यू गेला."

"परत लावा ना दादा."

दादांनी परत लावलं. तिने डोळे मिटून ऐकलं, आणि पुन्हा क्यू गेला. तिसऱ्यांदा तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला.

नवऱ्याची एक खोड तिला माहीत होती, दादांनाही कधी कळली नसेल अशी. भावनेचं वाक्य आलं, की तो आधी नाकाने बारीक श्वास भरून घ्यायचा. पोहणारा बुडी मारण्याआधी घेतो तसा. अभिनय करताना घ्यायचाच, खरं बोलताना कधीच नाही. लग्नाचं विचारलं तेव्हा त्याने तो घेतला नव्हता. मुलगी झाली त्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात उभा राहून जे चार शब्द बोलला, तेव्हाही नाही. आणि आता या वाक्याआधीही श्वास नव्हता. आवाज मध्येच थोडा खाली बसला होता, कुणाच्या तरी अगदी जवळ असल्यासारखा.

हे तो नाटक म्हणून बोललेला नव्हता. कुणाला तरी बोलला होता, आणि ते तिला नव्हतं.

संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा तो जेवणाच्या टेबलाशी बसून वाफ घेत होता. डोक्यावरून टॉवेल, खाली पातेलं. घसा हे त्याचं भांडवल आणि तो ते घरात उधळत नसे. 'घसा बसलाय' हे वाक्य गेल्या वर्षभरात त्याच्या तोंडून तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की बाकीच्या वाक्यांची तिला आठवणही राहिली नव्हती. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून तर घरात फ्रिज तेवढा बोलत होता. मागच्या महिन्यात तिने सगळा अभिमान गिळून अंथरुणात त्याच्या छातीवर हात ठेवला होता. त्याने तो हात दोनदा थोपटला, सांत्वनाला गेल्यावर थोपटतात तसा, आणि म्हणाला, उद्या लवकर रेकॉर्डिंग आहे. त्यानंतर तो हात कुठे ठेवावा, हेच तिला कळेनासं झालं होतं.

पर्स खांद्यावरून न काढताच ती त्याच्यासमोर बसली.

"आजचा सीन कुणाबरोबर केलास?"

"कुणाबरोबर म्हणजे?" टॉवेलमधून आवाज आला. "एकटाच करतो. तुला माहितीये."

"नवी आली होती का सकाळी?"

"ती संध्याकाळी येते. काय झालंय?"

"मग ते वाक्य कुणाला म्हणालास?"

टॉवेल क्षणभर स्थिर राहिला. मग आतून श्वास भरून घेतल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ हसू.

"कुणाला म्हणणार? पडद्याला."

हसण्याआधी श्वास घेणाऱ्या माणसाशी पुढे काय बोलायचं? नवऱ्याचं तोंड समोर असतं तर तिने कदाचित आरडाओरडा केला असता, काहीतरी फेकलं असतं. टॉवेलशी भांडता येत नाही. ती उठली, हात धुतले, उगाचच पुन्हा धुतले.

"मी ताईकडे जातेय. तिची वरची खोली रिकामीच असते."

"बरं. किती दिवस?"

"माहीत नाही."

त्याने टॉवेल काढला. चेहरा वाफेने लालबुंद झाला होता, कपाळावरून पाणी ओघळत होतं.

"घशाची काळजी घे," ती म्हणाली.

ताईचा सकाळी फोन आला, की दुपारच्या गाडीने ये, मी स्टँडवर माणूस पाठवते. ती हो म्हणाली. पण बॅग भरताना तिच्या लक्षात आलं, की आपण पळून चाललोय, आणि कुणापासून ते आपल्याला ठाऊकही नाही. त्या मुलीचं तोंड एकदा बघायचं, दोघांना एकत्र बघायचं आणि मगच जायचं. संशय घेऊन ताईकडे गेलं, तर तो तिथेही वरच्या खोलीत शेजारी झोपायला येणार. शिवाय दादांना दुसरी आई शोधायला सांगायचंच होतं. स्वतःला सांगायला तेवढं कारण पुरलं.

ही मालिका सुरू झाल्यापासून सकाळच्या वेळेला ती स्टुडिओत कधीच आली नव्हती. कंट्रोल रूमचं जड दार तिने खांद्याने ढकललं. आत नेहमीसारखा काळोख होता, यंत्रांवरचे हिरवे ठिपके तेवढे लुकलुकत होते. काचेपलीकडे उजेडात तो उभा होता. एकटा. नवी नव्हती, कुणीच नव्हतं. डोळे मिटलेले, दोन्ही हात हेडफोनवर, आणि चेहऱ्यावर असं काही, की ती दारातच थबकली. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता इतकंच.

दादांनी मागे वळून बघितलं आणि ते चक्क घाबरले.

"वहिनी, तुम्ही आत्ता?"

त्याच्या कानात जे जातं तेच ऐकवणारा दुसरा हेडफोन टेबलावर पडलेला होता. दादांचा हात आडवा आला, पण अर्ध्यावरच थांबला. तिने हेडफोन कानाला लावला. आता त्या मुलीचा आवाज येणार, म्हणून तिने दात आवळून धरले.

"अरे थांब, माझं पानच उलटं धरलंय मी. हसू नकोस ना. हे बघ, तू हसलास की मला हसू येतं. दादा, याला बाहेर काढा. घरी चल, मग बघते तुला."

आणि मग हसणं, घरभर सांडेल असं.

तो तिचाच आवाज होता.

"कधीचं आहे हे?" तिने विचारलं.

"तुमच्या पहिल्या मालिकेचं." दादा खालच्या आवाजात बोलत होते, जणू चोरी त्यांची पकडली गेली होती. "कच्चे टेक मी फेकत नाही. नव्या मुलीशी बोलायचं म्हटलं की त्याला जमेना, वहिनी. कोरडं यायचं सगळं. एपिसोड परत आले. मग तो म्हणाला, वाक्याच्या आधी हे लावत जा कानात. तुम्हाला सांगू नका म्हणाला. लाज वाटत असेल."

तिला आधी आनंदच झाला. नवी नाही, कुणीच नाही, मीच. ताईला फोन करून सांगावं, आत जाऊन त्याला मिठी मारावी, वर्षभराचं सगळं एका दमात माफ करून टाकावं. मग कानातली बाई पुन्हा हसली, आणि तिचा तो आनंद जागच्या जागी थिजला. ही तर हातावर तुरी देऊन कधीच निघून गेलेली होती. तिचा आवाज भरलेला नव्हता. तिच्या खांद्याला खांदा लावून तो उभा राहायचा, आणि तिला हात कुठे ठेवायचा हे शिकवावं लागत नव्हतं. नव्या मुलीशी भांडता आलं असतं. हिच्याशी कसं भांडायचं?

आत त्याने वाक्य घेतलं.

"जवळ आलीस की मला बोलता येत नाही. म्हणून लांबूनच बोलतो."

वाक्य मालिकेतलंच होतं, कुणीतरी भलत्याच भाषेत लिहिलेलं. पण तो ज्या तऱ्हेने ते बोलला, त्यामुळे तिला राहवलं नाही. माणूस दहा पावलांवर होता. ती पुढे झाली आणि त्याच्या कानात बोलायचं बटण तिने दाबलं. ठरवून काहीच केलं नव्हतं. रडू आवरत, फाटक्या आवाजात ती एवढंच म्हणाली,

"मी इथेच आहे रे."

त्याच्या कपाळाला आठी पडली. डोळे त्याने उघडलेच नाहीत.

"दादा, हे काय लावलंत मध्येच?" स्पीकरमधून त्याचा आवाज आला. "आईचा ट्रॅक आला. मागचाच लावा ना."

दादा यंत्राकडे बघत राहिले. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं, हे त्यांचे उपकारच.

रडणं आलं नाही. रोजचं इतकं येणारं रडणं नेमकं तेव्हा आलं नाही. बाहेर जावं, गाडी पकडावी, वरच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडावं, एवढं सोपं होतं सगळं. आपण त्या क्षणी मेलो असतो तरी त्याने आईचा ट्रॅक संपला म्हणून पुढचं लावायला सांगितलं असतं, असंही तिच्या मनात आलं. पण बटणावरचं बोट काही तिने उचललं नाही.

"दादा?" तो आतून म्हणाला.

तिने हनुवटी जराशी वर उचलली. नायिकेला उभं राहताना उचलायची तशी. आवाज छातीतून सोडवून नाकाच्या मुळाशी नेला, पातळ केला, मधली सगळी वर्षं त्यावरून खरवडून काढली. कामच होतं ते तिचं. कुणालाही आवाज द्यायचा, त्यात काय.

"हसू नकोस ना," ती म्हणाली. "मी जवळच आहे. बोल."

काचेपलीकडे तो हसला. डोळे मिटूनच, ओठांच्या एका कोपऱ्यातून. त्याचे हात हेडफोनवर अलगद दाबले गेले, एखाद्याचा चेहरा धरावा तसे.

"जवळ आलीस की मला बोलता येत नाही," तो म्हणाला, कसलीही तयारी न करता, आणि सरळ तिच्या कानात. "म्हणून लांबूनच बोलतो."

दादांनी खाकरून घसा साफ केला.

"ओके," ते म्हणाले.

"दादा, हा टेक याआधी ऐकला नव्हता मी. कुठे होता?"

दादांनी आता तिच्याकडे बघितलं. तिने मानेनेच नाही म्हटलं.

"होता एका जुन्या डिस्कवर. आज हाती लागला."

"फार छान आहे. उद्यापण हाच लावा."

तिने बटण सोडलं. पर्समध्ये ताईचा फोन वाजत होता, गाडीची वेळ होत आली असणार. तिने तो न बघताच बंद केला आणि दादांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"उद्या किती वाजता येऊ, दादा?" तिने विचारलं. तिचा आवाज अजून तिच्या स्वतःच्या जागी परत आला नव्हता.