एकसारखे चार डोळे

मी एक जुना डोळे तपासायचा दिवा आहे. मित्रांनो, मला साधा दिवा समजू नका. माझ्या एका बाजूला हनुवटी टेकायची पट्टी आहे, दुसऱ्या बाजूला भिंगं, आणि माझी उजेडाची चीर बुबुळातून थेट आतल्या पडद्यापर्यंत जाते. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात माझं फार कौतुक व्हायचं. मग नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी आष्टीतल्या छोट्या दवाखान्याच्या एका अंधाऱ्या खोलीत झाली. मी रुसलो होतो. पण इथे जे पाहिलं, ते तिथे कधी पाहिलं नव्हतं.

ऊसतोड संपून मजूर गावी परतले, तेव्हा दगडाबाई आल्या. सोबत त्यांची जुळी बहीण वत्सलाबाई. एकीला झाकावं, दुसरीला काढावं!

"डॉक्टरबाई, माणसाचं तोंडच दिसंना," दगडाबाई म्हणाल्या. "लुगडं दिसतंय, हात दिसतेत, मधी नुसतं काळं भोक. ही सख्खी बहीण, पण तिलाबी तोंड न्हाई."

वत्सलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "मोतीबिंदू असंल म्हणून पिकायची वाट बघितली. समदे म्हणले, पिकू द्या."

डॉक्टर समिना यांनी दोघींना पाळीपाळीने माझ्यापुढे बसवलं. अंधारात तीच बाई दोनदा आल्यासारखं मला वाटलं. दगडाबाईंच्या पडद्यावर मधोमध रक्त झिरपलेलं होतं. वत्सलाबाईंच्या पडद्यावर, अगदी त्याच जागी, पिवळे ठिपके नुकतेच जमू लागले होते. मला अंग असतं तर काटा आला असता. एकीकडे तो आजार मुक्कामाला पोहोचला होता, दुसरीकडे वाटेवर होता.

"आमी जुळ्या, मग माझंच कावून असं झालं?" दगडाबाईंनी विचारलं.

"मावशी, दोघींची वायरिंग जन्मापासून सारखीच हाय," समिना म्हणाल्या. "पण कोणतं बटन चालू, कोणतं बंद, ते वय, तंबाखू, धूर ह्यांनी बदलत जातंय. हा मोतीबिंदू न्हाई. पडदा बिघडलाय."

दगडाबाईंचा जन्म ऊसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीतल्या चुलीपुढे आणि तंबाखूची मिश्री भाजण्यात गेला होता. वत्सलाबाईंनी तंबाखूला कधी हात लावला नव्हता. जनुकांची ती बटणं माझ्या भिंगालाही दिसत नाहीत. ती परत फिरवणारं औषध शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत.

वाट बघण्यात उजवा डोळा हातचा गेला. डाव्यासाठी दगडाबाईंनी डोळ्यात इंजेक्शनच्या सुया घेतल्या, पुन्हा पुन्हा. मिश्रीही सुटली. रक्त थांबलं, पण मधलं भोक थोडं राहिलंच. वत्सलाबाईंचा आजार मात्र वेळेवर सापडला. त्यांची तपासणी आता चुकत नाही.

परवा दोघी माझ्यासमोर बसल्या होत्या. दगडाबाई बहिणीच्या कानापलीकडे टक लावून हसल्या. वत्सलाबाई दचकल्या.

"आगं, माझ्या मागं कोन हाय?"

"कुनी न्हाई. कडंला बघितलं की भोक बाजूला सरतंय अन् तुझं तोंड दिसतंय."

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस बोलताना तुमच्या खांद्यामागे बघत असेल, तर भिऊ नका आणि थांबूही नका. त्याला दवाखान्यात घेऊन या. तुमच्या मागे कोणी उभं नसतं. ते माणूस तुमचाच चेहरा शोधत असतं.