चंदेरी पेटी

नेकनूरजवळच्या अंडी उबवणी केंद्रात त्या सकाळी सारेच चकाकत होते, आणि सायलीला त्या चकाकीचीच धास्ती वाटत होती.

वीज अभियंता म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पेटीचे गणित तिचे होते. पिल्लांची लव आत शिरू नये म्हणून पेटीला झरोके नव्हते. आतली धग बाहेर पडायची ती केवळ पत्र्यावाटे. त्यातली निम्मी तरी राखाडी रंगावरून प्रारणाने, म्हणजे अदृश्य किरणांवाटे, निघून जाईल, या अंदाजावर तिने त्याच ट्रान्सफॉर्मरवर दुसरे उबवणी यंत्र जोडायला संमती दिली होती. आज पुढारी भाऊसाहेब त्याचे बटण दाबणार, म्हणून मालक विजयसिंहांनी काल पेटीला चंदेरी रंग मारून घेतला होता.

"कावून फिकीर करता, मॅडम?" मेकॅनिक चाँदने तापमान मोजायची बंदूक पेटीवर रोखली. "अठ्ठावन्न. लई थंड हाय."

सायलीने बोट टेकवले आणि झटकन मागे घेतले. अठ्ठावन्नाचा चटका असा नसतो. चंदेरी रंग धग आतच कोंडत होता. आणि बंदूक तर किरणांवाटे बाहेर पडलेलीच धग वाचते, म्हणून आकडा खोटा थंड येत होता.

जनरेटरच्या धुराड्यातली काजळी घेऊन तिने पत्र्यावर तळहाताएवढा डाग सारवला.

"नजर लागंल म्हणून तीट लावायलात का?" चाँद हसला.

"आता तिथं रोखा."

पंच्याऐंशी. काळ्या डागावरून धग मोकळी बाहेर पडत होती; खरा आकडा हा होता. चाँदचे हसू विरले. हे एकाच यंत्राच्या भारावर होते. भिंतीपलीकडे, याच ट्रान्सफॉर्मरवरच्या जुन्या यंत्रात, अंडी तडकून पिल्ले बाहेर येत होती. मांडवात माणसे जमत होती.

विजयसिंह ऐकून घेईनात. "ताई, गाड्या फाट्यावर आल्यात. पाव्हण्यांपुढं माझी शोभा करता का? बटण दाबू द्या, संध्याकाळी बघू."

"संध्याकाळपर्यंत आतल्या तारांवरचं आवरण जळेल, दादा. सही माझी आहे."

"मग ती देतानाच बघायचं होतं!" ते फेटा सावरत निघून गेले.

ते खरेच होते, आणि म्हणूनच अधिक बोचले. संमती देताना रंग बदलू नका, असे अवाक्षरही ती बोलली नव्हती. तिने नव्या यंत्राचा फ्यूज उपसला आणि मुठीत घट्ट धरला.

भाऊसाहेबांनी बटण दाबले. टाळ्या कडाडल्या, विरल्या. यंत्र मुकेच राहिले. गर्दीतून विजयसिंहांची नजर तिला शोधत आली.

सायली पुढे झाली. सगळ्यांदेखत तिने काजळलेली मूठ उघडून फ्यूज दाखवला. मागून आवाज येऊ लागला: चाँद पेटीवरचा चंदेरी रंग खरवडत होता.